भाकरीसोबत थोडं भौतिकशास्त्र

परदेशातल्या काही विद्यापीठांत एक साधी प्रथा आहे. आठवड्यातल्या एका दुपारी संशोधक आपापले डबे घेऊन एका खोलीत बसतात आणि त्यांच्यातला एक जण आपलं काम कुठं अडलंय ते सांगतो. हारतुरे नाहीत, प्रास्ताविक नाही. जैवभौतिकी आणि मृदू पदार्थ या विषयांवर अशा गप्पा विशेष रंगतात, कारण इथं भौतिकीवाल्याला रसायनवाल्यावाचून आणि जीवशास्त्रवाल्यावाचून चालत नाही.

मृदू पदार्थ म्हणजे दही, फेस, रबर, रक्त, आपली कातडी. धड घन नाही, धड पातळ नाही. फ्रान्सचे पियेर-जिल द जेन यांना १९९१ साली नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी भाषणाचा विषयच 'मृदू पदार्थ' ठेवला. त्यांनी रबराची गोष्ट सांगितली. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आदिवासी झाडाचा चीक पायाला फासत, हवेनं तो घट्ट होई आणि बूट तयार. चिकातल्या दोनशे कार्बन अणूंमागे एखाद्याचीच प्राणवायूशी गाठ पडते. पण तेवढ्यानं लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात.

आमच्याकडच्या कुठल्याही आजीला याचं नवल वाटणार नाही. चमचाभर विरजणाची करामत ती रोज रात्री बघते. दुधातल्या प्रथिनांचे बारीक कण एकमेकांना दूर ठेवत तरंगत असतात. आंबटपणा वाढला की हा दुरावा संपतो, कण हातात हात घालतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. दह्यातही बहुतेक पाणीच असतं, तरी ते कवडीसारखं उभं राहतं!

धाराशिव जिल्ह्यात तर या विद्येवर घरं चालतात. भूम, वाशी, कुंथलगिरीचा खवा दूरवर जातो. कढईतलं दूध सारखं हलवत आटवायचं, आणि गोळा कडा सोडू लागला की उतरवायचं. हे ज्याच्या हाताला कळतं, त्याची आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलांची गाठ मात्र कधी पडत नाही. मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवातच आहे. तिथवर पोचणारी कितीतरी मुलं बारावीपर्यंत मराठीत शिकलेली. पुढं विषय इंग्रजीत आला की ती प्रश्न विचारणं बंद करतात, आणि हे नुकसान कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

मी बी.ए.वाला, कविता लिहिणारा माणूस. मला शब्दांचं वाईट वाटतं. पुस्तकात 'श्यानता' आहे, चांगला शब्द आहे. पण चिवट, लिबलिबीत, बुळबुळीत, रवाळ, भुसभुशीत हे शब्द वर्गाबाहेर का थांबावेत? आमच्या घरात ईदच्या शिरखुर्म्याला 'पतला' आणि 'गाढा' यांच्या मधलीही एक पायरी कळते. पाक एकतारी की दोनतारी, हे चिमटीत ताणून बघणं म्हणजे मोजमापच आहे.

आणि हा खेळ स्वयंपाकघरापुरता नाही. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद. तिला स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून जायचं असतं. ती दुमडते, वाकते, पलीकडे निघते. मलेरियात हीच पेशी ताठर होते आणि वाटा तुंबतात. मऊपणा गेला की जीवावर बेततं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं २००९ साली 'चाय अँड व्हाय?' सुरू केलं. रविवारी, नाट्यगृहात, चहाबरोबर विज्ञान. चहा जमतो, तर जेवणही जमेल. आपल्या महाविद्यालयांनी आठवड्यातली एक मधली सुट्टी काढावी. पहिल्या दिवशी भूमच्या एखाद्या खवा करणाऱ्याला बोलवावं. म्हशीच्या दुधाचा खवा मोकळा नि गाईच्या दुधाचा चिकट का होतो, हे त्यानं पोरांना विचारावं, आणि उत्तर सापडेपर्यंत पोरांनी त्याला पुन्हा पुन्हा बोलवावं. भाकरी-ठेच्याची सोय करणं काही अवघड नाही.