ड्रोनची बिदागी, शेजाऱ्याची गच्ची



पुढच्या रांगांत आज बरीच तरुण मंडळी दिसताहेत, याचा आनंद वाटतो. तुमच्यातल्या अनेकांकडे ड्रोन आहे. मित्राच्या बंगल्याचे, मामाच्या शेतघराचे चित्रण तुम्ही हौसेने करून दिले आहे. आणि आता एखादा एजंट विचारतो, "आमच्या प्लॉटचं करून देशील का? किती घेशील?"

पैसे जरूर घ्या. फुकटच्या कामाची किंमत ना करवून घेणाऱ्याला राहते, ना करणाऱ्याला. पण आपण नक्की कशाचे पैसे घेतो आहोत, हे आधी मनाशी पक्के करा, कारण पहिला रुपया हातात पडताच बरेच काही बदलते.

सर्वांत आधी कायदा बदलतो. 25 ऑगस्ट 2021 रोजी आपल्याकडे ड्रोन नियम लागू झाले. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्याहून जड पण 2 किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. तोच ड्रोन, तीच गच्ची, तोच मुलगा, पण काम व्यवसायाचे असेल तर प्रमाणपत्र हवेच. त्यासाठी वय 18 पूर्ण हवे, दहावी उत्तीर्ण हवे आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण हवे. त्रयस्थाच्या नुकसानीचा विमाही लागतो. नॅनोला प्रमाणपत्रातून आणि विम्यातून सूट आहे, म्हणून 249 ग्रॅमच्या ड्रोनला एवढी मागणी. मात्र परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही अशा लाल आणि पिवळ्या क्षेत्रांची बंधने नॅनोलाही आहेत. पुण्याचेच बघा. लोहगाव हा हवाईदलाचा तळ, नागरी विमानेही तिथूनच उडतात. आणि फ्लॅटची खरेदी-विक्री जोरात असलेली विमाननगर-खराडी त्याच्या लगत. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मोकळीक आहे हे खरे, पण आपण उभे आहोत ती जागा हिरवी आहे का, हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहूनच काम स्वीकारायचे. गिऱ्हाईक म्हणते, "दोन मिनिटांचं तर काम आहे." त्या दोन मिनिटांची जबाबदारी तुमच्या नावावर असते.

हवा कुणाच्या मालकीची, हा वादही जुना आहे. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात कॉजबी नावाच्या शेतकऱ्याचा कोंबडीपालनाचा व्यवसाय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारच्या धावपट्टीवर उतरणारी लष्करी विमाने त्याच्या जागेवरून अवघ्या 83 फुटांवरून जात. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मेल्या, दीडशेच्या आसपास. 1946 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जमिनीची मालकी पार आकाशापर्यंत जाते ही कल्पना आता टिकणार नाही. पण जमिनीलगतची जेवढी हवा माणूस वापरू शकतो, तेवढी त्याची. ड्रोन उडतो तो नेमका जमिनीलगतची हवा आणि वरचे मोकळे आकाश यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणून मला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो.

हवेच्या मालकीइतकाच प्रश्न खासगीपणाचाही आहे. आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. खासगी क्षणी स्त्रीचे चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहेच. पण गुन्ह्याच्या पुष्कळ अलीकडेही एक मर्यादा असते. बंगल्याचे चित्रण करताना शेजारची गच्ची चौकटीत येतेच. तिथे कुणी पापड वाळत घालत असते, कुणाच्या दोरीवर घरातले धुणे असते, कुणाच्या सौर पॅनेलमागे जुनी कपाटे रचलेली असतात. त्या माणसाने तुम्हाला बोलावलेले नाही, पैसेही दिलेले नाहीत, आणि त्याचे घर तुमच्या गिऱ्हाइकाच्या जाहिरातीत जाणार. आदल्या दिवशी जाऊन त्याला वेळ सांगा. तो नको म्हणाला तर कोन बदला. या फेरीचा वेळ दरात धरलेला असला पाहिजे.

मुळशीकडच्या एका प्लॉटचे सांगतो. सकाळचे ऊन तिरपे, मागे डोंगर, चित्र उत्तम येत होते. हद्दीलगत उच्चदाबाची वीजवाहिनी जात होती. एजंट म्हणाला, "सर, तेवढा टॉवर नको यायला. आला तर नंतर पुसून टाका." खरेदीदार परदेशात, जागा पाहायला येणार नाही, चित्रफीत पाहून बयाणा पाठवणार. मी म्हटले, टॉवर राहील. काम गेले. श्रोतेहो, तुमचा दर इतका कमी असू नये, की असे एक काम नाकारले तर महिन्याचा हप्ता थकेल. बॅटऱ्या, प्रवास, संपादन, विमा हे सगळे धराच, पण नाही म्हणण्याची ऐपतही त्या दरातूनच यायला हवी. आणि चित्रावर पिवळी रेघ मारून "ही आपली हद्द" असे दाखवायला सांगतील, तेही टाळा. हद्द भूमी अभिलेखाची मोजणी ठरवते, आपला कॅमेरा नव्हे.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांना ठाऊक नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 17 सांगते, की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक तो सांगणारा असतो. म्हणजे हौसेने काढलेले चित्र तुमचे, आणि पैसे घेऊन काढलेले गिऱ्हाइकाचे! उद्या तेच दृश्य तुम्हाला स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायचे असेल, किंवा शेजाऱ्याचा कोपरा कापूनच वापरा अशी अट घालायची असेल, तर ते लिहून घ्यायला हवे. जागेच्या मालकाची संमतीही त्याच कागदावर, सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहून. एजंटचा तोंडी होकार पुरत नाही.

करारनाम्याचा एक पानी मराठी मसुदा मी सोबत आणला आहे. त्याच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. वकिलाला दाखवून त्यात आपापल्या गावाप्रमाणे फेरफार करा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.