धंद्यातील यश आणि धंदेवाल्याची समजूत



मजूरसंघटनेच्या कार्यकर्त्याला धंद्यातील यशावर बोलावयास लावणे ही चालकांनी आमची केलेली थट्टाच आहे, असे प्रथम वाटले. परंतु धंदेवाल्याच्या मनात जे असते, त्याची झळ सर्वांआधी मजुराला लागते. तेव्हा त्या मनाविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो.

हिंमत, चिकाटी आणि स्वतःवरील विश्वास यांच्या जोरावर धंदा चालतो, असे नेहमी सांगतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. निव्वळ हिंमतीवर कारखाने उभे राहते, तर पहाटेच्या थंडीत उसाच्या फडात शिरणाऱ्या केज तालुक्यातील प्रत्येक कोयत्याच्या नावावर आज एकेक कारखाना असता. धंदेवाला स्वतःला काय समजतो यापेक्षा समोरच्या माणसाला काय समजतो, यावर पुष्कळ अवलंबून असते, असे आमचे मत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे सायकली विकल्या, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर केला. नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

दुसरा एखादा कारखानदार "शेतकरी अडाणी" म्हणून मोकळा झाला असता. आम्हांला तो शेतकरी मुळीच अडाणी वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई; लोखंडी मोडला तर जावयाचे कोणाकडे? कर्जात बुडालेल्याचा एक हंगाम वाया गेला की रान सावकाराचे. विषाच्या गोष्टीत हे भय दडलेले होते. उलट काळ्या रानातली हरळी आणि कुंदा काढावयाचा तर खोल जाणारा नांगरच हवा, हेही तितकेच खरे. अशा वेळी गिऱ्हाइकावर न रागावता नांगर करीत राहणे, हे गिऱ्हाइकाला शहाणे समजणाऱ्यासच साधते.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ दिला, कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. यशावर बोलणारे लोक हा माळ आणि हे कर्ज सांगावयाचे विसरतात! त्या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता बंद केली, आणि तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यावर चोरीचा संशय घ्यावयाचा, त्याच्याच हाती राखण दिली. कारखाना बुडाला नाही.

आपल्याकडील ऊसतोडणीचा धंदा याच्या अगदी उलट समजुतीवर चालतो. मजूर पळून जाईल, म्हणून त्याला उचल देऊन बांधावयाचे. तो अंगचोर आहे, म्हणून खाड्याला दंड लावावयाचा. उचल घेऊन दुसऱ्याच टोळीत जाणारे मजूर आहेत, हे आम्ही नाकारीत नाही; त्यापायी मुकादमही बुडाले आहेत. पण हंगामभर राबूनही उचल फिटत नाही, तेव्हा माणूस पळणार नाही तर काय करील? या समजुतीची किंमत सर्वांत जास्त बायांनी दिली. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. दुखणे अंगावर काढावे तर काम होत नाही, आणि घरी बसावे तर खाडा, या कात्रीत त्या सापडल्या होत्या. तरी या धंद्यात उचल बुडावयाची थांबली आहे, असे एकही मुकादम छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

सभेत मुकादम मंडळी बसलेली आम्हांला दिसत आहेत. टोळ्या परत आल्या आहेत, हिशेब चालू आहेत. यंदा प्रत्येक कोयत्याचा हिशेब कागदावर लिहून द्या. नवऱ्याबरोबर बाईचेही नाव घाला आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या हातात द्या. पुढच्या दसऱ्याला किती कोयते आपणहून तुमच्याकडे येतात, ते मोजा, आणि तो आकडा आम्हांलाही कळवा.