पतिपत्नींतील संशय आणि संगणकाचा पहारा

हिंगोली जिल्ह्यांतील हट्ट्यासारख्या गांवांत पूर्वीं संशयाला दाराआड कान लावून उभें राहावें लागे. आतां खिशांतला मोबाईल तें काम करतो. पतीचा पासवर्ड मिळविणारी पत्नी, किंवा पत्नीच्या संगणकांत गुपचूप पाळत बसविणारा पति, यांना वाटतें कीं लग्नानें सारीं कुलुपें उघडतात. कायद्याला तसें वाटत नाहीं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३ व ६६ या कलमांन्वयें, परवानगीवांचून अप्रामाणिक हेतूनें दुसऱ्याच्या संगणकांत शिरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते; नवराबायकोंस त्यांत सवलत नाहीं. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तथापि १४ जुलै २०२५ रोजीं त्याच न्यायालयानें, घटस्फोटाच्या दाव्यांत पतीनें चोरून ध्वनिमुद्रित केलेलीं संभाषणें पुरावा म्हणून ग्राह्य मानलीं. एकमेकांवर पाळत सुरू झाली म्हणजे विश्वास आधींच तुटलेला असतो, असें न्यायालयाचें म्हणणें.

श्रोतेहो, मर्म येथेंच आहे. असा पुरावा दावा जिंकून देईल. संसार परत देणार नाहीं. संशय आलाच, तर यंत्राला विचारण्यापूर्वीं माणसाला विचारावें. उत्तर कडू निघालें, तरी तें समोरासमोर मिळालेलें असेल.