पान क्रमांक २१

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आपल्या शाळेचं ग्रंथालय’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. शाळेत असताना मी कधी वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

ग्रंथालय म्हटलं की तुम्हाला काय आठवतं, ते मला माहीत आहे. आठवड्यातून एकदा येणारा वाचनाचा तास. दोघांनी दोन कड्या धरून वर्गात आणलेली पत्र्याची पेटी आणि ती उघडली की ‘फास्टर फेणे’साठी होणारी झोंबाझोंबी. ‘किशोर’चा नवा अंक आधी कोणाला, यावरून झालेली भांडणं. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला तारखांचा कागद, आठ दिवसांची मुदत आणि उशीर झाला की दंड. विश्वकोशाचे खंड मात्र घरी मिळत नसत. ते खिडकीजवळच्या टेबलावर बसूनच बघायचे, तेही हात धुऊन. आणि दहावीला मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा तो दोऱ्याने शिवलेला गठ्ठा, जो वार्षिक परीक्षा जवळ आली की कधीच जागेवर नसायचा.

हे सगळं मलाही आठवतं. पण त्या खोलीतून मला मिळालेली आणखी एक गोष्ट आहे. ती तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. आज सदतीस-अडतीस वर्षांनी सांगते.

आपण १९८८च्या दहावीचे. आठवीपासून दहावीपर्यंत तिन्ही वर्षं माझी सगळी पाठ्यपुस्तकं शाळेच्या पुस्तक पेढीतली होती. माझे वडील बाजार समितीत हमाली करायचे. जून महिन्यात काम कमी आणि खर्च जास्त. तुम्ही नवीन पुस्तकांना खाकी कव्हरं घालत असायचात, त्याच दिवसांत एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयात जायची. सर आधीच कव्हर घालून ठेवलेला संच टेबलाखालून काढून द्यायचे. सही घ्यायचे आणि म्हणायचे, “एप्रिलमध्ये सगळी परत आण. पेन्सिलीच्या खुणा पुसून, फाटलं असेल तिथे खळ लावून.” बस, एवढंच.

कव्हर घातलं की माझं पुस्तक तुमच्यासारखंच दिसायचं. फक्त एक अडचण होती. शाळेच्या प्रत्येक पुस्तकावर पहिल्या पानावर आणि पान क्रमांक २१ वर जांभळा शिक्का असायचा. पहिलं पान कव्हरात दडपता यायचं. एकविसाव्या पानाचं काय करणार? तो धडा आला की मी अंगठा त्या शिक्क्यावर ठेवून वाचायची.

आठवीत, जुलै महिन्यात, मराठीच्या बाईंनी मला उभं करून धडा वाचायला सांगितला. पान उलटताना अंगठा सरकला आणि शेजारच्या मैत्रिणीने शिक्का पाहिला. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला सांगता येणार नाही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मराठीचा तास सुरू झाला, तेव्हा तिने आपलं पुस्तक बाकाच्या मध्यभागी सरकवलं आणि म्हणाली, “दोघीत एकच उघडू. माझं दप्तर भरलंय, जागा नाही.” तो धडा संपेपर्यंत रोज तिच्या दप्तरात जागा नव्हती! ती आज इथे बसली आहे. नाव घेत नाही, तिला ते आवडायचं नाही. पण बाई गं, मला तेव्हाच सगळं कळलं होतं.

या भाषणाच्या तयारीसाठी मी आपल्या ग्रंथपाल सरांना फोन केला. विचारलं, “सर, आपल्या शाळेत पेढीच्या मुलांची यादी वर्गात कधीच वाचली गेली नाही. माझ्या धाकट्या भावाच्या शाळेत वाचायचे.” सर म्हणाले, “अगं, वाचायची कशाला? तुम्ही सगळे येतच होतात की.” 

मागच्या जूनमध्ये मी शाळेत गेले होते. ग्रंथालयाला कुलूप होतं. सर निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेली नाही. शिपाईमामांनी खोली उघडून दाखवली. कपाटं आहेत, पुस्तकं आहेत, विश्वकोशही आहे. पेढीचं कपाट मात्र रिकामं आहे. २०१८ साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला, जुने संच बाद झाले आणि नवे कोणी घेतलेच नाहीत. आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारकडून पुस्तकं मोफत मिळतात. अडचण येते ती नववी-दहावीला. म्हणजे नेमकी जिथे मुलगी शाळा सोडू शकते तिथे.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला कमान बांधून द्यायची, असं ठरतं आहे. कमानीला माझा विरोध नाही, माझी वर्गणीही मी दिली आहे. पण माझी विनंती आहे की आधी ते कपाट भरू या. नववी आणि दहावीचे वीस-वीस संच. अभ्यासक्रम बदलत राहणार, म्हणून सगळे पैसे एकदम खर्च न करता दरवर्षी थोडे बाजूला ठेवू. आणि गावात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणीतरी शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर ती खोली उघडून बसावं. पहिलं वर्ष मी बसते.

मुख्याध्यापकांना माझी एकच अट सांगायची आहे. पुस्तकं कोणाला दिली, ती यादी वर्गात वाचायची नाही, फलकावर लावायची नाही आणि आपल्या पुढच्या स्मरणिकेतही छापायची नाही.

आणि शिक्का मारायचाच असेल, तर तो फक्त पहिल्या पानावर मारा.