यंत्राला कान हवेत, कामगाराला तास हवा



परमुलखात पोटासाठी गेलेल्या प्रौढ माणसांना यंत्रांच्या साहाय्याने इंग्रजी कसे शिकवावे, हा आजचा विषय. हा प्रश्न भाषापंडितांचा. कामगार चळवळीतल्या माणसांनी त्यात का पडावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आमचे उत्तर साधे आहे. ज्याला धोक्याची सूचना कळत नाही, त्याचा हात यंत्रात जातो. ज्याला पगाराची चिठ्ठी वाचता येत नाही, त्याचा ओव्हरटाइम बुडाला तरी त्याला पत्ता लागत नाही. आणि ज्याला आपले गाऱ्हाणे मांडता येत नाही, त्याच्या वतीने दुसराच कोणीतरी तडजोड करून मोकळा होतो. म्हणून हा विषय जितका पंडितांचा, तितकाच आमचाही आहे.

उदाहरण घेऊ ब्रिटनचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या गिरण्यांना आणि ओतकारखान्यांना माणसे हवी होती. पंजाब, गुजरात, पाकिस्तान येथून हजारो लोक गेले. ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांत पुष्कळांच्या वाट्याला रात्रपाळी आली. भाषेचे वर्ग संध्याकाळी भरायचे; म्हणजे वर्गाची घंटा आणि पाळीचा भोंगा यांची गाठ पडायची. घरातल्या स्त्रियांची स्थिती याहून कठीण. मुले, स्वयंपाक आणि परक्या रस्त्याची भीती यांतून वर्गापर्यंत पोहोचणार कशा?

तेव्हा वर्गच घरी न्यावा, असा विचार निघाला. ऑक्टोबर १९६५ मध्ये बी. बी. सी. ने ‘अपना ही घर समझिये’ हा कार्यक्रम रविवारी सकाळी सुरू केला. भाषा अशी हिंदुस्तानी, की हिंदीवाल्यालाही कळावी आणि उर्दूवाल्यालाही. गाणी-बातम्यांबरोबर इंग्रजीचे धडेही दिले जात. पुढे १९७७ साली ‘पडोसी’ नावाची चित्रवाणी-मालिका आली, ती मुख्यतः आशियाई स्त्रियांना इंग्रजी शिकण्याची उमेद यावी म्हणून. जिला उंबरठा ओलांडणे अवघड, तिच्या घरात यंत्र आपल्या पायांनी गेले, हा त्याचा मोठा गुण होय.

पण नभोवाणीला आणि चित्रवाणीला तोंड असते, कान नसतात. शिकणारी बाई बरोबर बोलली की चूक, हे पेटीला कळत नाही. कान असलेले यंत्र म्हणजे टेपरेकॉर्डर. त्याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे.

ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने वाढण्याच्या कामावर लागल्या. त्या उर्मट आहेत, अशी तक्रार होऊ लागली. आपले काय चुकते, हे त्या बिचाऱ्यांना कळेना. जॉन गम्पर्झ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाच्या मंडळींनी त्यांचे बोलणे टेपवर घेतले. मांसावर वाढायचा दाट रस, त्याला तिकडे ग्रेव्ही म्हणतात. इंग्रज वाढपीण सूर चढवून ‘ग्रेव्ही?’ म्हणे, म्हणजे ‘घालू का?’ आपल्या बायका तोच शब्द सूर उतरवून म्हणत. त्यांच्या बोलीत तसे विचारणे रीतीचेच होते. इंग्रजाच्या कानाला मात्र ते ‘ही ग्रेव्ही आहे’ असे तुटक ऐकू येई. शब्द एकच, आणि सगळे भांडण सुराचे!

टेप दोन्ही बाजूंना ऐकवली, आणि यातच सारी खुबी आहे. बायकांना आपल्याविषयीच्या रोषाचे कारण उमगले, आणि वरिष्ठांना उमगले की हा उद्धटपणा नव्हे, ही त्यांची विचारण्याची रीत आहे. याच धर्तीवर १९७९ साली बी. बी. सी. ने ‘क्रॉसटॉक’ हा कार्यक्रम काढला. भाषेचा अर्धा धडा ऐकणाऱ्यालाही गिरवावा लागतो, ही गोष्ट त्या फिरत्या चकत्यांनी सिद्ध केली.

आता तासाचा प्रश्न. १९७४ पासून ब्रिटनमध्ये कारखान्यातल्या भाषाशिक्षणाची एक योजना चालली. साउथॉल येथे तिचे एक नामांकित केंद्र होते. वर्ग कारखान्यातच भरत आणि कामाच्या पगारी वेळात भरत. सुपरवायझर आणि युनियनचे प्रतिनिधी यांनाही शिकवणी असे. आमच्या मते यंत्रांपेक्षा हा शोध मोठा. भाषा आली तर माल नीट निघतो, अपघात टळतात; मग त्या तासाचा खर्च एकट्या मजुराच्या झोपेतून का वसूल करावा? ही योजना १९८९ मध्ये संपली.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. त्याला तोंडही आहे आणि कानही. त्याची आम्हाला कदर आहे. प्रौढ माणसाला सर्वांत मोठी भीती असते ती हसे होण्याची; हे यंत्र शंभर वेळा चुकले तरी हसत नाही, मध्यरात्रीही कंटाळत नाही. पण परक्या धाटणीचे उच्चार ऐकताना त्याचे कान अजून अधिक चुकतात. आणि ‘माझे दोन दिवसांचे पैसे का कापले?’ हे साहेबापुढे उभे राहून विचारण्याचे धैर्य चार सोबत्यांच्या वर्गातच येते.

शिवाय यंत्र स्वस्त झाले की सरकारचा हात आखडतो की काय, यावर नजर हवी. ब्रिटनने २००२ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी भाषेची अट कडक केली. २०१० पासून पतिपत्नीच्या व्हिसालाही इंग्रजीची अट लावली. मात्र इंग्लंडमध्ये अशा वर्गांवरचा सरकारी खर्च २००९-१० मधील सुमारे २० कोटी पौंडांवरून २०१५-१६ मध्ये सुमारे ९ कोटींवर आला. अट वाढवायची आणि वाट अरुंद करायची, याला न्याय म्हणत नाहीत.

हे गम्पर्झ आपल्याला अगदीच परके नाहीत. सांगलीजवळच्या कुपवाडच्या बोलींवर त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९७१ साली निबंध प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची ठेवण एकमेकांसारखी होत गेली. सर्वांनीच थोडे थोडे सरकून घेतले.

आज आपल्याही औद्योगिक वसाहतींत आणि बांधकामांवर परप्रांतातले मजूर आहेत. त्यांनी मराठी शिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे. आम्हीही ती करतो. फक्त तसे म्हणताना दोन प्रश्न स्वतःला विचारावेत: शिकण्याचा तास त्याला कोण देणार, आणि तो मोडकेतोडके बोलू लागला की आपण ऐकून घेणार का? पहिल्याचे उत्तर मालकांकडून आणि सरकारकडून मिळवणे हे आमच्या संघटनांचे काम. दुसऱ्याचे उत्तर, श्रोतेहो, आपणांपाशी आहे.