तळावरचा शिक्का खरा मानायचा का?

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीतून बोलतोय. दिवसभर कोड लिहितो, सुट्टीत जुनी चिनी मातीची भांडी बघत फिरतो.

एका मित्राने घरातल्या जुन्या रंगीत थाळीचा फोटो पाठवला. तळाशी निळी चिनी अक्षरं. ॲपने वाचून दाखवलं, मिंग घराण्यातला छंगह्वा बादशहा, म्हणजे १४६५ ते १४८७. घरात लगेच विकायची चर्चा. मी म्हटलं, थांब.

कारण हाच शिक्का सतराव्या शतकात जपानी कारागीरही घालायचे. चिनी माल म्हणजे उत्तम, एवढाच हिशोब. फाइलवरची तारीख कुणीही बदलू शकतं ना, तसंच हे.

मग बघायचं काय? भांडं कसं बनलं ते. जपानच्या अरिता गावात १६४० च्या दशकात झिलईवर रंग चढवणं सुरू झालं. आधी भांडं साधारण १३०० अंशांवर भाजायचं, मग रंगवून कमी आचेवर पुन्हा. मोठी थाळी भट्टीत खचू नये म्हणून खाली मातीचे छोटे टेकू लावायचे. त्यांचे बारीक व्रण तळावर राहतात. चिनी थाळ्यांवर ते सहसा नसतात. मित्राच्या थाळीवर तसे तीन निघाले! पण व्रण देश सांगतात, साल नाही. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातही चालू होती.

नावंही फसवतात. 'इमारी' भांडी इमारीत बनत नव्हती, ते फक्त बंदर. माल अरिताचा. नागासाकीतून डच कंपनीने तो जगभर नेला. आपल्या वेंगुर्ल्यात वखार होती, तीच कंपनी. हिरव्या-पिवळ्या-जांभळ्या 'जुन्या कुतानी' भांड्यांचं तर आणखी भारी. ती दूरच्या कुतानी गावची मानायचे. मग अरिताच्या भट्ट्या खणल्या, आणि तसेच फुटके तुकडे तिथे सापडले. आज बहुतेक अभ्यासक त्यातली बरीचशी अरिताचीच मानतात. टाकून दिलेल्या खापरांनी निकाल फिरवला.

नजर तयार करायची तर मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. रतन आणि दोराब टाटा या भावांच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी तिथे आहेत. हो, ज्यांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, तेच टाटा घराणं.

तर घरात असं काही असेल तर घासू नका, घाईत विकू नका. तळ, कडा, रंग, सगळ्यांचे फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. ॲपचं उत्तर ही फक्त सुरुवात.

भेटू पुढच्या भागात!