गाईचा रंग आणि वंशाची पारख



ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तर त्याला वाण लागत नाही, हे शेतकऱ्याला विज्ञानापूर्वीच ठाऊक होते. वाण येतो आईबापांकडून. गुरांच्या केसांतील रंगद्रव्ये दोनच. एक काळे-तपकिरी, दुसरे तांबडे-पिवळे. त्यांतील कोणते तयार व्हावे, हे प्रामुख्याने ‘एमसी१आर’ हे जनुक ठरवते. होल्स्टीन जातीत त्याचे काळे रूप प्रभावी, तांबडे अप्रभावी. म्हणून काळ्या-पांढऱ्या गाय-वळूंनी तांबडे रूप दडवलेले असेल, तर चारांत एक वासरू तांबडे होण्याचा संभव असतो. त्यावरून गाईच्या शुद्धतेवर संशय घेणे हे निव्वळ अज्ञान होय.

पांढऱ्या डागांचे कारण निराळे. तेथे रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशीच नसतात. उदगीर परिसरातील देवणीचे प्रकार अशा खुणांवरूनच ओळखतात. शेवऱ्याच्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके, वानेऱ्याच्या चेहऱ्याच्या बाजू काळ्या, तर बालंक्या बहुतांशी पांढरा. जात मात्र एकच, देवणी!

शेजारी १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिल्याने अंधेरीकरांना दुभते जनावर म्हटले की काळी म्हैसच आठवते. पण नांदेडकडे लाल कंधारीचा वळू निवडताना रंगाचा मोह पडतो, आणि तांबडा तर संकरित गोऱ्हाही असतो. रंग मोजक्या जनुकांवर ठरतो, दूध शेकडो जनुकांवर. तेव्हा वळूच्या कातडीआधी त्याच्या आईच्या दुधाची नोंदवही उघडावी. ती नसेल, तर निदान दोन पिढ्यांची माहिती गोपालकाला विचारावी.